चौथ्या प्रकरणातला माणूस

एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आशियाच्या आधुनिक इतिहासाचा एक पेपर होता. त्याचा शेवटचा भाग आग्नेय आशियाचा: ब्रह्मदेश, व्हिएतनाम, इंडोनेशिया आणि तिथले राष्ट्रवाद. हा भाग शिकवायचा नाही, असं धुळ्याच्या आमच्या कॉलेजात न बोलता ठरलेलं होतं. प्रश्नांना पर्याय असायचे, त्यामुळे चीन आणि जपान घोकले की भागायचं. "आग्नेय ऑप्शनला टाका," असं विभागप्रमुख वर्गात उघड सांगत आणि मुलं पुस्तकाच्या त्या पानांना स्टेपलर मारून टाकत. पुन्हा उघडायलाच नको.

तिथे शिकवत असताना मी त्याच भागावर पीएच.डी. करायची ठरवली तेव्हा लोकांना वाटलं, याला ज्ञानाची तहान लागली. काडीची लागली नव्हती. धुळ्यापासून जळगावपर्यंत त्यातलं कोणालाच ओ की ठो कळत नव्हतं, म्हणून मी तो विषय घेतला. चुकलो तरी पकडणारं कोणी नाही. स्टाफरूममध्ये माझं नावच 'इंडोनेशिया' पडलं. "काय इंडोनेशिया, चहा घेणार का?" असं भूगोलवाला रोज विचारायचा आणि रोज स्वतःच हसायचा. या गृहस्थाला नकाशात इंडोनेशिया दाखवा म्हटलं असतं तर त्याने फिलिपाईन्सवर बोट ठेवलं असतं. तीस वर्षं भूगोल शिकवत होता.

विभागप्रमुखच माझे मार्गदर्शक. त्यांच्या हाताखाली तेव्हा सातआठ जण होते आणि सगळ्यांचे विषय एकाच साच्यातले, फक्त तालुका वेगळा. सरांनी स्वतः एकच लेख लिहिला होता, त्यात जावा-सुमात्रा म्हणजे आपली प्राचीन वसाहत असं सिद्ध केलं होतं. कशावरून, तर तिथे रामायण आहे. मी पहिल्यांदा प्रबंधाचा आराखडा घेऊन गेलो तेव्हा त्यांनी तो चाळला आणि म्हणाले, "यात रामायण कुठे आहे?" मी म्हटलं, सर, हा १९४५ नंतरचा विषय आहे, डच परत आले, लोक त्यांच्याविरुद्ध उठले. ते म्हणाले, "असू द्या. सुरुवातीला एक प्रकरण टाका." मी टाकलं. पहिलं प्रकरण अठ्ठावीस पानांचं आहे आणि त्याचा पुढच्या पाच प्रकरणांशी काही संबंध नाही.

हे मी आज हसत सांगतो, पण त्या काळात मी स्वतःला या सगळ्यांपेक्षा फार वरचा समजत होतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत मुंबईच्या ग्रंथालयांत बसायचो, डच अधिकाऱ्यांच्या आठवणी इंग्रजीतून वाचायचो आणि परत आल्यावर सहकाऱ्यांकडे बघून मनातल्या मनात नाक मुरडायचो. मी एकटा खरा इतिहास लिहितो आहे आणि ही सगळी मंडळी गाईडं विकून पोट भरतायत, अशी माझी ठाम समजूत होती.

बाहेरून एम.ए. करणाऱ्या शिक्षकांसाठी आम्ही रविवारी तास घ्यायचो. त्यात एक बाई होत्या, चाळीसगाव तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. त्यांच्या पुस्तकाला स्टेपलर नव्हता. एका रविवारी तास संपल्यावर त्या टेबलाशी आल्या आणि म्हणाल्या, "सर, यात सुराबाया म्हणून गाव आहे, ते जावामधलंच का? माझे वडील लढाईनंतर तिथे होते. फौजेत लॉरी चालवायचे."

मला आधी खरं वाटलं नाही. इंग्रजांनी दुसरं महायुद्ध संपल्यावर डचांसाठी जावा ताब्यात ठेवायला हिंदी पलटणी पाठवल्या होत्या, हे मला माहीत होतं. त्यातले काही सैनिक तिथल्या लोकांवर गोळी चालवायला कचरले, काही तर त्यांच्या बाजूला गेले, हेही वाचलं होतं. पण हे सगळं लंडनच्या पुस्तकात. तो माणूस चाळीसगाव तालुक्यात जिवंत बसलेला असेल असं माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

धुळे-चाळीसगाव गाडीने मी गेलो. मधल्या एका स्टेशनावर उतरून कोसभर चालत त्यांचं गाव. बाई स्टेशनावर आल्या होत्या. बौद्धवस्तीत घर, दोन खोल्यांचं, पत्र्याचं, सारवलेलं अंगण. भिंतीवर बुद्धाची तसबीर. आमच्या घरातलं कोणी अशा वस्तीत कधी चहा प्यायलं नव्हतं. मी प्यायलो, आणि प्यायल्याबद्दल स्वतःवर खूश झालो. हे सांगायची लाज वाटते, पण झालो.

म्हातारा सत्तरीचा असेल. काटक, कान थोडे जड. गावात सगळे त्यांना नाना म्हणत, मीही तेच म्हणायला लागलो. मी उसना आणलेला टेपरेकॉर्डर लावला आणि पुस्तकी प्रश्न सुरू केले: तिथल्या राष्ट्रवादी चळवळीबद्दल तुमचं मत काय होतं, वगैरे. त्यांनी ते ऐकून घेतलं आणि मुलीला विचारलं, "हाऊ काय म्हनी राहिना?" मग माझे प्रश्न बाजूला ठेवून स्वतःच सांगायला लागले.

सुराबायात त्यांच्या लॉरीत पकडलेली पोरं भरली होती. "बठ्ठा पोरे. मिशी नई फुटेल. हात बांधेल." ती सगळी तुरुंगाच्या आवारात न्यायची होती, आणि तिथे नेलेल्यांपैकी परत कोणी येत नाही हे ड्रायव्हरांना माहीत होतं. रस्त्याला एका भिंतीवर इंग्रजीत मोठ्या अक्षरांत काही लिहिलेलं होतं. नानांना वाचता येत नव्हतं. शेजारी बसलेल्या शिपायाने वाचून सांगितलं, की हिंदी सैनिकांनो, तुमचा देशही गुलाम आहे, आमच्यावर गोळी का चालवता. थोडं पुढे गेल्यावर नानांनी लॉरी थांबवली. इंजिन बंद केलं. किल्ली काढून नाल्यात फेकली आणि खाली उतरून रस्त्याकडेच्या केळीखाली बसले. "तठे बी केळी. आपला सावदाकडे शेतस ना, तश्याच." साहेब शिव्या देत होता, बंदूक रोखून उभा होता. नाना बसून राहिले. दुसरी लॉरी यायला वेळ लागला आणि तेवढ्यात लोकांनी रस्ता अडवून पोरं सोडवून नेली.

मी विचारलं, किती पोरं होती? ते म्हणाले, मोजली नाहीत.

पुढे कोर्ट मार्शल, काही महिने कैद आणि हकालपट्टी. गावी परतले तेव्हा हातात इंग्रजी कागद. तो वाचून घ्यायला पोस्टमास्तराकडे गेले. पोस्टमास्तराला जेमतेम पत्ते वाचण्यापुरतं इंग्रजी येत होतं, पण तसं कबूल कोण करतो? त्याने कागद वरखाली बघितला आणि ओट्यावरच्या चार माणसांसमोर सांगून टाकलं की हा फौजेतून पळाला म्हणून काढलाय. त्या दिवसापासून नाना गावात भगोडा.

त्याच भरतीत गेलेला गावातला आणखी एक जण होता. वरच्या आळीतला, पुढे सगळे त्याला आबा म्हणायचे. त्याने अख्खं युद्ध देवळालीच्या छावणीत गोदामावर काढलं, आणि एक बिल्ला घेऊन परत आला. पंधरा ऑगस्टला आणि सव्वीस जानेवारीला शाळेच्या पटांगणात माजी सैनिकांसाठी खुर्ची टाकत, त्या खुर्चीवर आबा बिल्ला लावून बसायचा. नाना कुंपणाबाहेर उभे राहायचे. एकदा गावात नवीन आलेल्या हेडमास्तरांनी न कळून दुसरी खुर्ची टाकली, तर आबाने भर झेंड्यासमोर सांगितलं, "भगोडा शे तो. तठे उभा राहू द्या."

नानांनी पत्र्याच्या पेटीतून तो कागद काढला. मी वाचला. त्यात पळाल्याचा शब्दही नव्हता. आज्ञाभंग, असं स्पष्ट टाइप केलेलं होतं. मुलगी मोठी झाल्यावर तिने वाचून हे सांगितलंच होतं, पण घरच्या पोरीचं कोण ऐकतो? वर बापाची बाजू घेते म्हणून टिंगल.

"पुस्तकमा लिखा सर," नाना म्हणाले. "मनं नाव लिखा, गावनं नाव लिखा. नि लिखा, मी पयनू नई. मी उतरनू."

त्यांचं नाव लिहीन, ते पळाले नव्हते हेही लिहीन, असा मी त्यांना शब्द दिला. नुसता मान हलवून नाही, त्यांचा हात हातात घेऊन दिला.

परत येताना गाडीत मी हवेत होतो. असा साक्षीदार मुंबईच्या एकाही शहाण्याकडे नव्हता. चौथं प्रकरण मी तीन आठवड्यांत लिहून काढलं. त्यात नानांचं नाव, गाव, तालुका, कागदावरचा क्रमांक, सगळं होतं. आयुष्यात मी एवढंच धड लिहिलं असेल.

ते प्रकरण सरांनी वाचलं. आश्चर्य म्हणजे खरोखर वाचलं. मग चष्मा काढून म्हणाले, "कुठून कुठून माणसं शोधून आणता हो तुम्ही." मी म्हटलं, सर, दुर्मिळ साधन आहे. ते म्हणाले, "साधन? सरकारी कागदात गुन्हेगार, वर अंगठाबहाद्दर, वर त्या वस्तीतला. बाहेरून येणारे परीक्षक फौजी घराण्यातले आहेत. त्यांच्यासमोर हुकूम मोडणाऱ्या शिपायाची आरती ओवाळायची? नाव काढा. 'एक माजी सैनिक' लिहा. खाली टीप द्या की त्यांच्या विनंतीवरून नाव दिलेलं नाही. प्रश्न मिटला."

मी म्हटलं, त्यांनी उलट विनंती केली आहे. सरांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी वर्गातला ढ मुलगा. "जूनमध्ये मी निवृत्त होतोय," ते म्हणाले. "त्याआधी प्रबंध गेला तर गेला. नाहीतर नवा मार्गदर्शक शोधा, नवी नोंदणी करा. तुमची मर्जी."

माझी मर्जी काय असणार? सात वर्षं गेली होती. माझ्यामागून आलेले दोघे डॉक्टर होऊन पाट्या लावून बसले होते. मी सरांना माणूस म्हणून कवडीची किंमत देत नव्हतो, पण त्यांच्या केबिनमधून बाहेर पडलो ते शेपूट घालूनच. त्याच आठवड्यात जळगावला टायपिस्टकडे जाऊन ती पानं बदलून आणली. त्याला मीच तोंडी सांगितलं, काय टाइप करायचं ते.

त्या दिवसांत प्रबंधाला ऋणनिर्देश जोडायची एक रीत होती आणि ती पुराव्यांपेक्षा गंभीरपणे पाळली जायची. सरांनी क्रम सांगितला, मी उतरवून घेतला. आधी संस्थेचे अध्यक्ष, कारण तेच सर्वांचे प्रेरणास्थान. मग उपाध्यक्ष, चिटणीस, प्राचार्य, स्वतः सर, सरांच्या पत्नी ('वेळोवेळी केलेल्या मातृवत पाहुणचाराबद्दल'), ग्रंथपाल, टायपिस्ट, बाइंडिंगवाला आणि स्टेशन रोडचा झेरॉक्सवाला. चार पानं भरली. अध्यक्षांना इंडोनेशिया हा देश आहे की साबण, हे सांगता आलं नसतं.

तोंडी परीक्षा वीस मिनिटं चालली. त्यानंतरचं जेवण, म्हणजे पुऱ्या, वांग्याचं भरीत आणि शेवभाजी, दोन तास. ते उमेदवारानेच द्यायचं असतं. बाहेरून आलेले परीक्षक चांगले वयस्क, शांत गृहस्थ होते. त्यांनी पाचदहा किरकोळ प्रश्न विचारले आणि मग चौथं प्रकरण उघडून म्हणाले, "सगळ्या प्रबंधात मोलाचं एवढंच आहे. हा सैनिक कोण? नाव का नाही दिलं? अशा माणसाचं नाव इतिहासात राहायला हवं."

सर माझ्या शेजारी बसले होते. त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. माझ्यावर इतका विश्वास होता त्यांचा.

मी म्हटलं, "त्यांचीच तशी इच्छा होती."

परीक्षक म्हणाले, "विनम्र माणूस दिसतोय," आणि पान उलटलं. तेव्हाही बोलता आलं असतं. पदवी कोणी हिसकावून घेणार नव्हतं. पण मला भूक लागली होती, आणि ते संपावं असं वाटत होतं. दुसरं कारण मी कितीही वर्षं शोधलं तरी सापडलेलं नाही.

डॉक्टर झालो. सत्कार झाला. भूगोलवाला मला 'डॉक्टर इंडोनेशिया' म्हणायला लागला. या काळात नानांची तीन पोस्टकार्डं आली, मुलीच्या अक्षरात. पुस्तक झालं का, झालं असेल तर कळवा, येऊन घेऊन जाऊ. पहिल्याला मी उत्तर दिलं, काम चालू आहे. दुसऱ्याला दिलं, विद्यापीठात अडकलंय. तेव्हा प्रबंध माझ्या कपाटात बांधून पडला होता. तिसऱ्याला उत्तरच दिलं नाही. ते टेबलाच्या खणात उपडं ठेवलं.

चौथं कार्ड बाईंनी स्वतःच्या नावाने लिहिलं. बाबा गेले. रविवारी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आहे, सगळं गाव येईल, आबासुद्धा येणार म्हणाले आहेत. पुस्तक घेऊन या, बाबांबद्दलचं पान मला वाचून दाखवायचं आहे.

मी गेलो, यात शौर्य काही नव्हतं. न जाण्याची हिंमत नव्हती, इतकंच. बाईंनी चहा दिला आणि स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून प्रबंध उघडला. त्यांनी आधी ऋणनिर्देश वाचला, चारही पानं. मग चौथं प्रकरण. मग खालची टीप. त्यांचं इंग्रजी चांगलं होतं. टीप त्यांनी दोनदा वाचली.

"विनंती बाबांनी केली होती?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "नाही."

त्यांनी पुन्हा सुरुवातीची पानं उलटून बघितली. मग म्हणाल्या, "झेरॉक्सवाल्याचं नाव आहे की हो सर यात."

मी माफी मागायला तोंड उघडलं तर त्यांनी हातानेच थांबवलं. "ते तुमचं तुम्ही बघा," त्या म्हणाल्या. "आज मला बाबांचं काम आहे. मी मराठीत करून वाचणार आहे. तुम्ही पुढे खुर्चीवर बसा आणि कोणी विचारलं तर हो म्हणा."

विहारासमोर मांडव होता. वंदना झाली, दोघंतिघं बोलले. मग बाई उभ्या राहिल्या आणि पान वाचलं. जिथे 'एक माजी सैनिक' होतं, तिथे त्यांनी वडिलांचं नाव घेतलं, पूर्ण, बापाच्या नावासकट. प्रत्येक वेळी घेतलं. त्यांचा आवाज एकदाही अडखळला नाही. शेवटी म्हणाल्या, "यात लिहिलं आहे की ते पळाले नव्हते. ते उतरले होते." हे वाक्य प्रबंधातून मी सरांच्या सांगण्यावरून केव्हाच काढलं होतं. मग मला शाल घातली, 'बाबांना इतिहासात नेणारे सर' म्हणून. मी मान वाकवून ती घालून घेतली.

लोक उठायला लागले तेव्हा आबा काठी टेकत माझ्याकडे आला. ऐंशीला टेकलेला, बिल्ला छातीवर. माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसला आणि म्हणाला, "दखाडा बरं सर. कोठे शे नाव?"

बाई चार हात अंतरावर सतरंजी गुंडाळत होत्या. त्यांचे हात थांबले. मी प्रबंध मांडीवर उघडला. आबाला इंग्रजी तर सोडाच, मराठीही धड वाचता येत नसणार, हे मला त्याच्या डोळ्यांवरून कळलं. मी त्याचं बोट धरलं आणि पानाच्या तळाशी, टिपेच्या ओळीवर ठेवलं.

"इतलं बारीक?" तो म्हणाला.

"हो आबा. बारीकच छापतात."

त्याने ओळीवरून बोट या टोकापासून त्या टोकापर्यंत हळूहळू फिरवलं. "पुस्तकमा शे म्हनजे खरंच व्हई," तो म्हणाला. "चुकनं मनं." आणि त्याने छातीवरचा बिल्ला काढून खिशात टाकला. त्याच्या दुसऱ्या हाताचं बोट अजून त्या ओळीवर होतं. तिथे लिहिलं होतं की या माणसाने आपलं नाव देऊ नका अशी स्वतःच विनंती केली आहे.